सहा दोर आणि एक सही

आदरणीय साडूभाऊ यांस,

वाकून नमस्कार करणार होतो, पण कंबर धरली आहे. तेव्हा ताठ उभ्यानेच, पण मनापासून केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. ताईंनाही सांगावा. (मेहुणी असल्या तरी वयाने आणि आवाजाने मोठ्या, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना ताईच म्हणत आलो आहे.) त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, खुशाल आहे. खरं तर जरा जास्तच खुशाल आहे, आणि त्याचीच हकीकत कळवायला हे पत्र. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी वेळेवर घेता ना? गुडघ्यांचं काय? माझे गुडघे गेल्या रविवारपर्यंत ठणठणीत होते. पण सध्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे (का, ते यथावकाश येईल, घाई करू नये) आणि चार मजले दिवसातून तीन वेळा चढायचे-उतरायचे म्हणजे साठी उलटलेल्या माणसाला आपलं शरीर किती भागांचं बनलेलं आहे ते एकेक करून कळतं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं हे मलाही माहीत आहे. पण मी फोनवर बोलत असलो की ही शेजारी बसून प्रत्येक वाक्याला भुवई उडवते, आणि त्या भुवईसमोर मला मोकळेपणाने बोलता येत नाही. म्हणून कागद.

विषय गाडीच्या विम्याचा आहे. आता तुम्ही सावरून बसला असाल, कारण या विषयात आपलं कधी पटलं नाही. तुम्ही विम्याचे भक्त. तुमच्या गाडीचा फुल विमा, वर इंजिनाचा वेगळा, टायरचा वेगळा, किल्ली हरवल्याचा वेगळा. आणि ते रास्तच आहे, कारण नऊ वर्षांत अकरा क्लेम करणाऱ्या माणसाने दुसरं करावं तरी काय? (अकरा मी मोजले आहेत. स्वतःच्या फाटकाचे चार, शेजाऱ्यांच्या फाटकाचे दोन, किरकोळ चार, आणि उभ्या टँकरचा तो एक, ज्यात टँकरवाला पलीकडे बसून डबा खात होता.) तुमच्या गाडीचा बंपर हा तिचा अवयव नसून हंगामी नोकर आहे असं मी एकदा म्हणालो, तेव्हा तुम्ही दोन महिने माझ्याशी बोलला नव्हता. तो राग आता सोडा. मी मात्र एकतीस वर्षं गाडी चालवतो आहे आणि एक ओरखडा नाही. ओरखडा म्हणजे ओरखडा. अशा माणसाला विमा कंपनी दरवर्षी नो क्लेम बोनस देते, आणि तो वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर जाऊन थांबतो, कारण त्यापुढे द्यायला कंपनीचंच मन होत नाही. माझे पन्नास टक्के होऊन सहा वर्षं झाली. लोक पदकं भिंतीवर लावतात. मी त्या पॉलिसीचं पहिलं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, रोज शर्ट काढताना दिसेल असं.

हे अंगी बाणलं ते आमच्या पेशामुळे. चौतीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या. माझ्या सहीच्या लिफ्टमधून आजवर एकही माणूस खाली पडला नाही. जे खाली आले ते बटण दाबून, बेताबेताने आले. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, लिफ्टची पेटी तोलून धरायला एक दोर पुरतो. आम्ही सहा लावायला लावतो. सहातल्या एका दोराची एक तार जरी सुटलेली दिसली तरी मी लिफ्टला टाळं ठोकायचो, मग मालक कितीही हातापाया पडो. आणि सहाच्या सहा तुटले तरी पेटीखाली एक ब्रेक असतो, जो वापरायची वेळ सहसा आयुष्यात येत नाही, आणि त्याचीच तपासणी सर्वांत कडक. आमची दुसरी रीत अशी, की नवी लिफ्ट कधी रिकामी तपासायची नाही. तिच्या क्षमतेच्या सव्वापट वजन भरायचं, चालवायची, मधेच थांबवायची, आणि नीट थांबली तर जागच्या जागी सही करायची. सही उद्यावर ढकलणारा निरीक्षक मी माणसात धरत नाही. या रीती लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तर झालं असं. आमच्या पॉलिसीची मुदत गेल्या शनिवारी संपत होती. ती काढून देणारा एजंट आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सगळी इमारत त्याला अटीलागू म्हणते, कारण कुठलीही गोष्ट सांगून झाली की तो आवाज खाली आणून, भरभर, "अर्थात अटी लागू" असं पुटपुटतो. (मध्यंतरी जिन्यात मी त्याला विचारलं, काय, तब्येत बरी? तर म्हणाला, "बरी आहे, अर्थात...") गुरुवारी संध्याकाळी तो रंगीत कागद घेऊन आमच्याकडे आला. गाडी आता अकरा वर्षांची. कंपनीच्या मते तिची किंमत उरली एक लाख साठ हजार. नुसती थर्ड पार्टी घेतली, म्हणजे आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरणार आणि आपलं झालं तर आपण, तर काम स्वस्तात होतं. फुल घेतली, म्हणजे आपल्या गाडीचंही कंपनीच बघणार, तर वर सहा हजार. माझा विचार सरळ होता. अकरा वर्षं मी इमानेइतबारे फुल भरत आलो आणि बदल्यात कंपनीकडून मला एक दिनदर्शिका मिळाली, तीही मार्चमध्ये. गाडी म्हातारी, चालक निष्णात, आपल्या हातून आपलं नुकसान होण्याची शक्यता शून्य. मग शून्याचा विमा सहा हजारांना कशाला उतरवायचा? दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्यानेच घ्यावा लागतो, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

अटीलागूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं बरोबर आहे काका. पण आता गाडी काकूपण चालवणार ना? मग फुलच घ्या." आणि नेमकी त्याच वेळी ही दारातून आत आली.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ताईंनी तुम्हाला निम्मंच सांगितलं असणार. ही इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली त्याला आता वर्ष होईल. तीस वर्षं तिने लोकांचं रक्त काढलं. (घरातलं वेगळं.) तिची ख्याती अशी, की ज्यांची शीर कुणाला सापडत नाही ती माणसं हिची ड्यूटी कधी आहे ते विचारून यायची. निवृत्त झाल्यावर तिच्या मनात आलं, की जी म्हातारी माणसं घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या घरी सकाळी जाऊन रक्ताचे नमुने घ्यावेत आणि प्रयोगशाळेत पोचवावेत. एका प्रयोगशाळेने कबूलही केलं. अट एकच, नमुने दोन तासांच्या आत पोचले पाहिजेत. मी म्हणालो, त्यात काय, मी सोडत जाईन की. ती म्हणाली, "तुम्ही साडेसातला उठता. मला साडेसहाला पहिल्या घरी पोचायचंय. आणि मला कुणी सोडायला नकोय." मग सत्तावन्नाव्या वर्षी ही गाडी शिकवणाऱ्या शाळेत नाव घालून आली. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं तिला परीक्षक समजून उठून उभी राहिली म्हणे. तीन महिने ती रोज गेली आणि पहिल्याच परीक्षेत लायसन्स घेऊन आली. (मी पहिल्या परीक्षेत नापास झालो होतो, पण ते दिवस वेगळे होते आणि तो ड्रम चुकीच्या जागी ठेवलेला होता.) आता एवढंच उरलं होतं, की सोमवारी पहिली फेरी तिने एकटीने करायची. पाच घरं, पाच म्हातारी माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली. नमुने वेळेत पोचले नाहीत, तर प्रयोगशाळा ते काम दुसऱ्या कुणाला देणार आणि ही पुन्हा खिडकीपाशी बसून शब्दकोडी सोडवणार. गेलं वर्षभर ती तेच करत होती, पेनने, एकही अक्षर न खोडता, आणि मला ते बघवत नव्हतं.

तर ही दारात, हातात नवी कोरी बर्फाची पेटी, आणि अटीलागूचं ते वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं. हिने पेटी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं की आता प्रश्न सहा हजारांचा राहिला नाही. मी फुल घेतली तर त्याचा अर्थ एकच: गाडी माझ्या एकट्याच्या हातात होती तोवर विमा लागत नव्हता, हिच्या हातात गेली आणि लागायला लागला. ती पॉलिसी म्हणजे हिच्या चालवण्यावरचा माझा शेराच झाला असता. मी घसा साफ केला आणि ठणकावून सांगितलं, "फक्त थर्ड पार्टी. माझ्या बायकोच्या हातून ओरखडा येणार नाही." साडूभाऊ, तुमच्यापाशी कबूल करतो, मला वाटलं ही गहिवरेल. तिने नुसतं विचारलं, "तुमच्या लिफ्टला दोर किती असतात हो?" म्हटलं, सहा. "आणि लागतात किती?" म्हटलं, एक. "अस्सं," म्हणाली आणि हात धुवायला गेली. अटीलागूने माझ्याकडे बघितलं, मी अटीलागूकडे. लिफ्ट ही लिफ्ट असते आणि गाडी ही गाडी, असं मी त्याला समजावून सांगितलं, आणि त्यानेही मान डोलावली.

शनिवारी तो फॉर्म घेऊन आला तेव्हा मी फार गडबडीत होतो. मधल्या काळात माझ्या मनाने घेतलं होतं, की नुसता विश्वास टाकून भागत नाही, विश्वासाला तपासणीची जोड हवी. त्यामुळे अटीलागूने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे, तीन ठिकाणी, मी सह्या ठोकल्या, आणि सह्या करता करता त्याला माझी योजना सांगितली. योजना अशी, की हिच्या चालवण्याची रीतसर तपासणी करायची. लिफ्टची करतात तशी, सव्वापट वजन भरून.

हसू नका. गाडी पाच माणसांची. आमच्या खात्यात एक माणूस म्हणजे अडुसष्ट किलो. पाच माणसांचे तीनशे चाळीस, त्याची सव्वापट चारशे पंचवीस. त्यातून माझे एकोणऐंशी वजा, हिचे वजा (आकडा लिहायला मनाई आहे, तुम्हाला वजाबाकी येते), उरले दोनशे अठ्ठ्याऐंशी. शेजारी कुंपणाच्या भिंतीचं काम चालू आहे, तिथल्या मुकादमाकडून मी बत्तीस किलोच्या वाळूच्या नऊ गोण्या उसन्या मागितल्या. त्याने विचारलं, काय बांधताय? म्हटलं, बायकोची परीक्षा घेतोय. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि दहावी गोणी हवी का म्हणून विचारलं. रविवारी सकाळी त्या नऊ गोण्या मी स्वतः गाडीत चढवल्या (कंबरेचा उलगडा आता झाला असेल), बसतील तेवढ्यांना पट्टे लावले आणि हिला खाली बोलावलं. तिने मागे ओळीने बसलेल्या गोण्या बघितल्या. "ही कोण मंडळी?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तशीच मागे फिरेल. पण तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई. तपासणी म्हटलं की तिला राग येत नाही. एवढंच म्हणाली, "अहवाल लेखी द्याल?" म्हटलं, लेखी, सहीशिक्क्यानिशी. (शिक्का अजून माझ्याकडे आहे. तो परत करायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही.)

आमच्या गाड्या तळघरात लागतात. तिथे उतरायला एक सरळसोट उतार आहे, आणि बांधणाऱ्याने तो बहुधा पाण्यासाठी बांधला असावा, गाड्यांसाठी नाही. वर तोंडाशी दोन्ही बाजूंना खांब, गाडी जेमतेम जाईल एवढी जागा, आणि खाली टोकाला अगदी समोर लिफ्टचं दार. हिने ती भरलेली गाडी त्या उतारावरून खाली नेली, तशीच उलटी वर आणली, पुन्हा खाली नेली. अर्ध्या उतारावर मी अचानक ओरडलो, "थांब!" गाडी जागच्या जागी थांबली. गोण्या हलल्या नाहीत, मी हललो. मग वळवून चढावर घेतली, हँडब्रेक ओढून उभी केली, आणि पुन्हा निघताना गाडी इंचभरही मागे आली नाही. इंचभर म्हणजे इंचभर. मी जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवली होती. रेघ बघायला मी उतरलो, तिथेच उकिडवा बसलो, आणि साडूभाऊ, सरळ लिहितो, मला गलबलून आलं. हजारो लिफ्ट पास केल्या, पण असं कधी झालं नव्हतं. ज्या बाईला सगळं जग आता आराम करा म्हणत होतं, तिने माझ्या डोळ्यांसमोर सव्वाचारशे किलो चढावर तोलून धरले होते. तो अहवाल सध्या आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. नऊ रकाने, नऊही 'समाधानकारक'. शेवटची सही जरा लांबली आहे, पार कागदाबाहेर गेली आहे, पण त्याने अहवालाला बाधा येत नाही.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ही एकटी निघाली. मी पाचपासून जागाच होतो, पण डोळे मिटून पडून राहिलो, कारण उठलो असतो तर सूचना दिल्या असत्या. ती गेल्यावर खिडकीत जाऊन उभा राहिलो. गाडी (डावा दिवा नसलेली, तेही यथावकाश) फाटकातून बाहेर पडली आणि वळताना तिने सिग्नल दिला, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. मग मी तिची शब्दकोडी घेऊन बसलो. पावणेदोन तासांत मला तीन शब्द आले, त्यातले दोन चुकीचे. आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. "पोचले. पाच घरं, तेरा नळ्या. पहिल्या टोचणीपासून दीड तास." मला बरंच काही म्हणायचं होतं. मी "हं" म्हणालो. आज बुधवार. तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही वेळेत, आणि त्या पाचातल्या एका आजोबांनी तर आता उपास नसला तरी रोज या म्हणून सांगितलं आहे.

सांगायचं तात्पर्य, विमा किती घ्यावा हे गाडीवर ठरत नाही, चालकावर ठरतं, आणि ज्या घरात असे दोन दोन चालक आहेत त्या घराला थर्ड पार्टी पुरते. तुम्ही मात्र आपला फुलच चालू ठेवा. ताईंना पुन्हा नमस्कार. गोळी विसरू नका.

आपला,
एकतीस वर्षं ओरखड्याविना,
साडू

ता. क. लिफ्टचं सांगायचं राहिलं. रविवारी तपासणी संपली तेव्हा गाडी उताराच्या वरच्या तोंडाशी उभी होती, वर नेऊन वळवलेली, नाक खाली करून. ही म्हणाली, "मला उद्याच्या नळ्यांवर नावं चिकटवायचीत, गाडी तेवढी खाली लावा," आणि वर गेली. मी चालकाच्या जागेवर बसलो, हँडब्रेक सोडला, आणि एवढ्यात आठवलं की सही राहिली. आमची रीत तुम्हाला सांगितलीच आहे. सही जागच्या जागी. कागद स्टिअरिंगवर ठेवला. नववा रकाना होता 'ब्रेक'. तिथे 'समाधानकारक' असं लिहिलं आणि खाली सही करायला घेतली. माझी सही मोठी आहे, तुम्ही बघितली आहे. ती निम्म्यावर आली तेव्हा लिफ्टचं दार मला मघापेक्षा जरा जवळ वाटलं. मग बरंच जवळ वाटलं. (मागे नऊ गोण्या बसल्या होत्या, पण त्या ढकलण्यापलीकडे काही करत नव्हत्या.) मी जिवाच्या आकांताने पाय दाबला तो क्लचवर. दाराला पोक आलं, गाडीचा डावा दिवा फुटला, बंपर लोंबकळला (तो सध्या दोरीने बांधला आहे; सहा वेढे दिले आहेत) आणि लिफ्टची धोक्याची घंटा वाजायला लागली. ती व्यवस्थित वाजते हे मीच, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, प्रमाणित केलं होतं. ते प्रमाणपत्र दाराशेजारी काचेच्या चौकटीत लावलेलं आहे, आणि त्याला काही झालं नाही. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. सोमवारी दुपारी माझ्या जागेवर आलेल्या निरीक्षकबाई आल्या. त्यांना तयार मीच केलं. म्हटलं, बाई, नुसतं दार चेपलंय, दोर सहाच्या सहा शाबूत आहेत. त्या म्हणाल्या, "सर, एक तार सुटली तरी टाळं, हे तुम्हीच शिकवलंत," आणि टाळं ठोकून गेल्या. मला त्यांचाही अभिमान वाटला, पण तो तिसऱ्या मजल्यापर्यंतच टिकला.

ता. क. २. गाडी धडकल्यावर हिला काय सांगायचं ते मी जिना चढताना ठरवत होतो. पहिल्या मजल्यावर ठरवलं की उतार ओला होता. दुसऱ्यावर ठरवलं की मांजर आडवं आलं. तिसऱ्यावर धाप लागली, आणि चौथ्यावर फक्त खरं सांगण्याइतकाच दम उरला होता. ही नळ्यांवर नावं चिकटवत होती. तिने आधी विचारलं, "लागलं का कुठे?" मग माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. मग उठली, सुया ठेवायचा खण उघडला आणि त्यातून पॉलिसी काढून माझ्यापुढे ठेवली. फुल. वर रस्त्यात बंद पडल्यास मदत. वर शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचा अपघात विमा. आणि खाली, तीन ठिकाणी, माझी सही. गुरुवारी अटीलागू जायला निघाला तेव्हा हिने त्याला जिन्यात गाठून फॉर्म बदलायला सांगितला होता आणि वरचे पैसे स्वतःचे भरले होते. चौतीस वर्षांत न वाचता केलेल्या माझ्या पहिल्या सह्या त्या. मला जरा लागलं. मी विचारलं, "म्हणजे तुझाच तुझ्या चालवण्यावर विश्वास नव्हता?" ती म्हणाली, "माझ्या चालवण्यावर होता की," आणि पुन्हा नळ्यांकडे वळली.

ता. क. ३. तेव्हा आता विनंती. क्लेमचा फॉर्म आला आहे. त्यात 'अपघाताचे कारण' असा एक रकाना आहे, आणि तुमचा अकरा वेळचा अनुभव बघता तुमच्याइतका जाणकार माणूस आमच्या ओळखीत दुसरा नाही. मी तूर्त 'लिफ्ट अचानक समोर आली' असं लिहिलं आहे. याहून बरं काही सुचलं तर कळवावं. क्लेम केला की माझे पन्नास टक्के जाणार. कपाटातलं ते पान मी काल काढून टाकलं. टँकरवरून मी तुम्हाला जे जे बोललो ते सगळं मागे घेतो. टँकर फार मोठी वस्तू असते आणि ती कुठेही उभी असू शकते.

पण खरी विनंती ही नाही. खरी ही, की ताईंनी हिला एक फोन करावा आणि सांगावं... मला समोरासमोर येत नाही हो. "हं" म्हणतो मी. सांगावं असं, की सहा दोरांची लिफ्ट वर जाताना वजन नेमकं कुठला दोर पेलतो आहे ते बाहेरून दिसत नाही. मला इतकी वर्षं वाटत आलं की या घराचे सहाच्या सहा दोर म्हणजे मीच. मी फार तर एक आहे, आणि त्याचीही तार सुटलेली आहे. बाकीचे पाच ती आहे, आणि पहिल्यापासून होती. हे ताईंनी आपलं म्हणून सांगावं, माझं नाव घेऊ नये. किंवा घ्यावं. पण फोन संध्याकाळी पाच ते सहाच्या मधे करावा. तेव्हा मी खाली दाराची दुरुस्ती बघायला गेलेला असतो.

पत्र टाकायला हिच्याकडेच देतो आहे, कारण टपालपेटी तिच्या वाटेवर आहे आणि माझ्याच्याने आज पुन्हा चार मजले होणार नाहीत. पाकिटाला डिंक लावला आहे.

ता. क. ४. भाऊजी, नमस्कार. हे मी लिहितेय. डिंक वाळला नव्हता.

ताईला फोन करायला सांगू नका, निरोप पोचला. मी वाचलंय हे यांना कळू देऊ नका. कधी तोंडाने सांगतात का ते मला बघायचंय. वर्ष लागलं तरी चालेल. फॉर्मवरचं 'लिफ्ट अचानक समोर आली' खोडून मी 'चालक सही करत होते' असं लिहिलंय. खरं लिहिलं की क्लेम मिळतो असं अटीलागू म्हणतो, अर्थात त्याचं काही खरं नाही. कपाटातलं ते पान यांनी केराच्या डब्यात टाकलं होतं, ते पुसून मी पुन्हा जागेवर लावलं. एकतीस वर्षं काही थोडी नसतात.

शनिवारी तुमच्याकडे येतोय. गाडी मी चालवणार आहे. फाटक उघडं ठेवा, काढून ठेवायची गरज नाही. हे शेजारी बसतील. त्यांचा विमा मी उतरवलाय.